विजापूर बघायचं तर कोणत्या क्रमाने?

प्रश्न असा आहे: एका कार्यासाठी सोलापूरला येणं होणार आहे, हाताशी जास्तीत जास्त दोन दिवस आहेत, सोबत सत्तरी ओलांडलेले वडील आणि दहा वर्षांची मुलगी. सकाळी निघून विजापूरचा गोलघुमट बघून रात्री परत येता येईल का, की तिथे मुक्काम करावा?

येता येईल. सोलापूर ते विजापूर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, रस्ता चांगला, दोन तास पुरतात. तरीही माझं सांगणं एकच: एक रात्र राहा. गोलघुमटात जे ऐकायचं ते सकाळी लवकर ऐकू येतं, आणि इब्राहिम रोझा या मकबऱ्यावर जे पाहायचं ते दुपारनंतरच्या तिरप्या उन्हात दिसतं. सोलापूरहून सकाळी निघालेला माणूस दहाच्या सुमारास गोलघुमटाशी पोहोचतो, म्हणजे नेमका गर्दीत. परतीची घाई असल्याने रोझा तो भर दुपारी उरकतो. दोन्ही वास्तू पाहून होतात, पण दोन्ही अर्ध्याच हाती लागतात.

म्हणून क्रम उलटा लावायचा. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून गावाची पश्चिम बाजू, दुसऱ्या दिवशी पहाटे पूर्व बाजू, आणि उन्हं तापायच्या आत मधला किल्ला.

आधी गावाची रचना ध्यानात घ्या, म्हणजे रिक्षात उगाच चकरा होणार नाहीत. विजापूर ही 1490 ते 1686 अशी जवळजवळ दोनशे वर्षं आदिलशाहीची राजधानी होती. पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, 1565 च्या सुमारास पुरी झालेली तटबंदी साधारण दहा किलोमीटर घेराची आहे आणि तिला पाच मोठे दरवाजे आहेत: पश्चिमेला मक्का, वायव्येला शहापूर, उत्तरेला बहमनी, पूर्वेला अलीपूर आणि दक्षिणेला मंगोळी. यातल्या मंगोळीला पुढे फतेह दरवाजा म्हणू लागले, कारण 1686 मध्ये औरंगजेब तिथून आत आला. तटाच्या मधोमध राजवाड्यांचा आतला कोट आहे, तो अर्ककिल्ला. रेल्वे स्टेशन पूर्वेच्या अंगाला, गोलघुमटाजवळ आहे. एसटी स्टँड किल्ल्याच्या भागात, गावाच्या मध्याकडे. मुक्कामाला किल्ला ते गांधी चौक हा पट्टा सोयीचा, तिथून दोन्ही टोकं जवळ पडतात.

नावाचा एक गोंधळ आधीच मिटवा. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं अधिकृत नाव विजयपुरा आहे. बसच्या पाट्या, रेल्वेचं तिकीट, सगळीकडे तेच दिसेल. रेल्वेचा स्टेशन कोड मात्र जुन्या नावावरूनच, बीजेपी. मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘बिजापूर’ टाकलंत तर छत्तीसगडचं बिजापूरही समोर येतं, तेव्हा राज्य बघूनच खूण ठेवा. आणखी एक: कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही असं ऐकून लोक येतात. ती सवलत कर्नाटकच्या रहिवासी स्त्रियांसाठी आहे. महाराष्ट्राचं ओळखपत्र असेल तर तिकीट काढावं लागतं.

पहिला दिवस, दुपारी तीननंतर: पश्चिम बाजू

एकच रिक्षा तीन तासांसाठी ठरवा आणि बसण्याआधी ठिकाणांची नावं मोजून सांगा: ताज बावडी, इब्राहिम रोझा, मुलूखमैदान, उपळी बुरूज. ‘सगळं दाखवतो’ या बोलीवर निघालात तर दोन ठिकाणं नुसती रिक्षातूनच दाखवली जातात. थांबण्याचा वेळ भाड्यात धरला आहे का, हेही तेव्हाच विचारा. मराठी बऱ्याच जणांना समजतं, हिंदी आणि दख्खनी तर चालतेच. ‘एष्ट री?’ म्हणजे ‘किती हो?’ एवढं कानडी आलं तरी समोरचा सैलावतो.

ताज बावडी मक्का दरवाज्याच्या आत आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 1620 मध्ये राणी ताज सुलताना हिच्या नावाने ती बांधली. दोन अष्टकोनी बुरुजांमधली भव्य कमान आणि खाली दोनशे फुटांहून जास्त लांबी-रुंदीचं कुंड. दहा मिनिटं पुरतात, पण वगळू नका. पाणी हा या शहराचा खरा प्रश्न होता आणि त्याचं एक उत्तर इथे डोळ्यांसमोर दिसतं. पायऱ्या ओल्या असतात, मुलीचा हात धरा.

मग मक्का दरवाज्याबाहेर इब्राहिम रोझा. इथे तिकीट आहे, भारतीयांना 25 रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. एकाच उंच चौथऱ्यावर पूर्वेला कबरीची इमारत, पश्चिमेला मशीद आणि मध्ये हौद. मशिदीत नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढतात, त्यामुळे तिचा दर्शनी भाग पूर्वेला असतो. कबरीची जी बाजू मशिदीसमोर येते ती पश्चिमेची. म्हणून सकाळी मशीद उजळते आणि दुपारी चारनंतर कबर. कोरीवकाम कबरीवर आहे, तेव्हा वेळ तीच धरायची. भिंतींवरची नक्षी उथळ कोरलेली आहे. डोक्यावरच्या उन्हात ती सपाट दिसते, तिरप्या उन्हात प्रत्येक अक्षराला सावली मिळते आणि भिंत वाचता येते.

इथे घाई करू नका, निदान पाऊण तास द्या. खिडक्यांच्या जाळ्या नीट बघा: तिथे वेलबुट्टी नाही, अरबी अक्षरंच दगडात आरपार कोरून जाळी केली आहे. बाहेरून ती काळी दिसतात. आत जाऊन उजेडाकडे तोंड करा, की तीच अक्षरं प्रकाशात उभी राहतात. मग मान वर करा. खोलीचं छत सपाट आहे, दगडी फरशांचं, आणि त्याला खाली खांब नाही की दिसणारी कमान नाही. कडांना गोलाई देत आत वळवलेल्या दगडांवर आणि चुन्याच्या पकडीवर ते जवळजवळ चारशे वर्षं टिकून आहे. मलिक संदल या वास्तुकाराचं हे काम. दुसऱ्या इब्राहिमने रोझा मूळ राणीसाठी म्हणून काढला, पण 1627 मध्ये राजाच आधी गेला आणि त्याचंही दफन इथेच झालं.

हा राजा मराठी माणसाने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. त्याच्या ‘किताब-ए-नवरस’ या गीतसंग्रहात सरस्वती आणि गणपती यांची स्तुती आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. किल्ल्यात खंदकालगत पिंपळाखाली नरसोबाचं देऊळ आहे, आणि त्या दत्तस्थानावर या राजाची श्रद्धा होती असं गाव अजून सांगतं. ताजमहालाची प्रेरणा रोझ्यातून घेतली, हे वाक्यही तुम्हाला ऐकू येईल. त्यावर फार वेळ घालवू नका, ही इमारत स्वतःच्या बळावर मोठी आहे.

तिथून तटाच्या कडेने शर्झा बुरूज. त्यावर मुलूखमैदान तोफ. फर्ड्या वक्त्याला आपण मराठीत ज्या तोफेचं नाव देतो ती हीच. 1549 मध्ये अहमदनगरला निजामशाहीत महंमद बिन हसन रूमी याने ती ओतली आणि 1632 मध्ये परांड्याहून ती इथे आली. वजन सुमारे 55 टन, लांबी साडेचार मीटरच्या जवळ, तोंडाचा व्यास दीड मीटरच्या आसपास. तोंडावर सिंहाचा जबडा आहे, त्यात चिरडला जाणारा हत्ती शोधायला मुलीला सांगा. त्याच तोंडाजवळ औरंगजेबाने विजापूर घेतल्याचा लेखही कोरला आहे. धातू पंचरशी, घंटेच्या जातीचा, म्हणून बोटाच्या पेराने हलकं वाजवलं तरी नाद येतो. दगडाने ठोकू नका, पूर्वीच्या लोकांनी तसं केल्याच्या खुणा पुरेशा आहेत. चढ कमी आहे, वडिलांना जमेल.

उपळी बुरूज मात्र त्यांना खालूनच दाखवा. 1584 चा, हैदरखानाने बांधलेला, सुमारे 24 मीटर उंच, आणि जिना बाहेरून गोल फिरत वर जातो. पायऱ्या उंच आहेत, कडेला नीट आधार नाही आणि वारा असतो. मुलीला नेलंत तर भिंतीच्या बाजूने चालवा. वर दोन लांबलचक तोफा आहेत, मोठी सुमारे नऊ मीटरची. मुलूखमैदान ओतीव आहे आणि या घडीव आहेत, लोखंडी पट्ट्या जोडून त्यावर कडी चढवलेल्या. एकाच तासात तोफ बनवण्याच्या दोन वेगळ्या रीती बघायला मिळतात, ही संधी सोडू नये. मावळतीला वरून सगळं शहर दिसतं आणि उद्याचा घुमट पूर्वेला उभा असतो.

दुसरा दिवस, पहाट: गोलघुमट

सूर्योदयाच्या सुमारास फाटक उघडतं तेव्हा तिथे हजर असा. हा सल्ला सगळ्यात महत्त्वाचा. आठनंतर, आणि डिसेंबर-जानेवारीत तर त्याआधीच, शाळांच्या सहली येतात. पन्नास मुलं एकदम ओरडली की घुमट तो गोंगाट कितीतरी वेळा परत फेकतो आणि मग वर नुसता कल्लोळ उरतो. अशा वेळी गेलेले लोक ‘काही ऐकू आलं नाही’ म्हणत उतरतात. दोष घुमटाचा नसतो.

आत शिरल्यावर लगेच जिन्याकडे धावू नका. आधी दालनाच्या मध्यभागी उभे राहा. एका बाजूला सुमारे 41 मीटर असं चौरस दालन, मध्ये एकही खांब नाही. चौरसावर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं काय करायचं, ही यातली मेख. इथे आठ कमानी एकमेकींना छेदत उभारल्या आहेत, जणू दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवले आहेत. त्या वर जाताना आत झुकतात आणि चौरसाचा घेर हळूहळू गोल होतो. घुमटाचं वजन बाहेर रेटू पाहतं आणि आत झुकलेल्या या भागाचं वजन त्याला आत ओढून धरतं. दोन्ही एकमेकांना पेलतात. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर, आतला 38 च्या जवळपास. चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी. महंमद आदिलशहा आणि त्याच्या कुटुंबीयांचं खरं दफन खाली तळघरात आहे. राजा 1656 मध्ये वारला. बाहेरच्या भिंती रोझ्याच्या मानाने कोऱ्या का वाटतात याचं उत्तर वास्तूच्या हेतूत आहे: इथे सगळा जोर आकारावर दिला आहे, नक्षीवर नाही.

जिने चार कोपऱ्यांच्या सातमजली मनोऱ्यांत आहेत. पायऱ्या शंभराहून जास्त, अरुंद, उंच, काही झिजून खोलगट झालेल्या. प्रत्येक मजल्यावर खिडक्या आहेत, तिथे थांबून दम घ्या. गुडघे धड नसतील तर वडिलांना वर नेऊ नका. चढणं एक वेळ जमतं, उतरताना पाय थरथरतात, आणि वरून येणाऱ्यांना वाट द्यायला जागा नसते. दालनात खाली बसूनही प्रतिध्वनी ऐकू येतो, त्यात कमीपणा नाही.

वर घुमटाभोवतीच्या गच्चीत निघालात की छोट्या दरवाज्यांतून आतल्या सज्जात जाता येतं. हा सज्जा जमिनीपासून सुमारे 33 मीटर उंचीवर, तीन मीटरहून थोडा जास्त रुंद. आता दोघांनी अगदी समोरासमोरच्या बाजूंना जाऊन भिंतीला टेकून बसायचं. बोलणाऱ्याने तोंड दालनाकडे करू नये, तिथेच बहुतेकांचं चुकतं. तोंड भिंतीच्या जवळ, थोडं भिंतीच्या रेषेत ठेवून कुजबुजायचं. आवाज वक्र भिंतीला धरून सरकत जातो, पसरून विरत नाही, म्हणून 38 मीटर पलीकडे कान भिंतीशी असलेल्या माणसाला शब्द स्वच्छ ऐकू येतात. कागद चुरगाळून बघा, दोन नाणी घासून बघा. प्रतिध्वनीसाठी एकच टाळी वाजवा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा. सात वेळा तरी मोजता येते. पहिली विरायच्या आत दुसरी वाजवली की मोजणी बिघडते. मुलीला हे आधी खालीच समजावून सांगा, वर सांगायला लागलात तर तुमचं बोलणंच घुमत राहील.

खाली आल्यावर समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे. ते उशिरा उघडतं आणि शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे शुक्रवारी आलात तर ते धरू नका.

त्यानंतर जामा मशीद आणि मधला किल्ला

नाश्ता करून साडेनऊच्या आत जामा मशिदीत जा. नमाज चालणारी मशीद आहे: पादत्राणं बाहेर, अंग झाकलेले कपडे, डोक्यावर रुमाल किंवा ओढणी, आणि शुक्रवारी दुपारी बारा ते दोन अजिबात नको. बांधकाम पहिल्या अली आदिलशहाने, 1565 च्या, विजयनगराविरुद्धच्या तालिकोटच्या लढाईनंतर सुरू केलं. आतल्या जमिनीवर एकेका माणसाच्या नमाजापुरते 2250 चौकोन आखलेले आहेत, ते औरंगजेबाने करवले. मक्केच्या दिशेच्या भिंतीतला मेहराब, म्हणजे कमानदार कोनाडा, सोन्याच्या आणि रंगांच्या कामाने भरलेला आहे, 1636 चा. पडदा असला तर तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा, स्वतः हात लावू नका.

किल्ल्याकडे जाताना वाटेत मेहतर महाल लागतो. महाल म्हणतात, पण ते मशिदीचं प्रवेशद्वार आहे. सज्जाखालचे दगडी आधार लाकूड कोरावं तसे कोरले आहेत. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने पाहिलं तर पूर्ण दिसतात. पुढे आसार महाल: 1646 मध्ये न्यायदानासाठी बांधला, नंतर तिथे पैगंबरांचा केस म्हणून जपलेले अवशेष ठेवले गेले. आतल्या भागात स्त्रियांना प्रवेश नाही. हे आधी माहीत असलं की दारात मन खट्टू होत नाही. समोरचा हौद आणि प्रचंड उंचीचे लाकडी खांब सगळ्यांना बाहेरून दिसतात.

अर्ककिल्ल्यात तिकीट नाही, पाट्याही फारशा नाहीत. सगळ्यात आधी करीमुद्दीनची मशीद शोधा. 1320 ची, म्हणजे आदिलशाहीच्याही आधीची, देवळांचे खांब वापरून उभारलेली. मग गगन महाल, 1561 चा. मधली कमान साठ फुटांच्या आसपास रुंद आहे आणि तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेत दरबार भरे. 1686 च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा सुलतान सिकंदर औरंगजेबाला शरण आला आणि ही राजधानी संपली. त्याच्या सातच वर्षं आधी, 1679 मध्ये मुघल सरदार दिलेरखानाने विजापूरला वेढा घातला तेव्हा इथला कारभारी सिद्दी मसूदने शिवाजी महाराजांकडे मदत मागितली होती आणि ती मिळाली होती. शहाजीराजे 1636 पासून याच दरबारचे सरदार, अफजलखान 1659 मध्ये इथूनच निघाला. आपल्या इतिहासात विजापूर नुसतं शत्रूची राजधानी म्हणून येतं. गगन महालासमोर उभं राहिल्यावर ते नातं किती गुंतलेलं होतं ते कळतं.

बारा कमान ही दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी कबर. ती पुरी झाली असती तर तिची सावली गोलघुमटावर पडली असती म्हणून काम थांबवलं, असं मार्गदर्शक सांगतील. राजा 1672 मध्ये वारला आणि राज्य मोडकळीला आलं होतं, कारण तेवढंच. काळ्या दगडाच्या मोकळ्या कमानी चांगल्या फोटोसाठी उन्हं तापायच्या आत गाठा.

गावात फिरताना अधूनमधून चौकोनी, उंच, दारं नसलेले दगडी मनोरे दिसतील. ते गंज. महंमद आदिलशहाने 1651 मध्ये दक्षिणेला बेगम तलाव बांधून मातीच्या नळांनी पाणी शहरात आणलं. लांबून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने नळ फुटत, म्हणून वाटेत पाणी या मनोऱ्यांत चढवून दाब मोडायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि पुढे सोडायचं. कोणी मुद्दाम दाखवत नाही, पण राजधानी चालवणं म्हणजे काय ते इथे कळतं.

जास्तीचा अर्धा दिवस असेल तरच पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवरचं तोरवी धरा. 1599 मध्ये इब्राहिमने तिथे नवरसपूर वसवायला घेतलं, 1624 मध्ये मलिक अंबरने ते लुटलं. आज संगीत महालाचे अवशेष आहेत. त्याच दिशेला अफजलखानाने स्वतःसाठी बांधून ठेवलेली कबर आहे, ती रिकामीच राहिली. तो प्रतापगडाच्या पायथ्याशी पुरला गेला. जवळच्या साठ कबरींची गोष्ट, मोहिमेआधी त्याने बायकांना विहिरीत ढकललं ही, दंतकथा म्हणूनच ऐका. वाट एकाकी आहे, स्वतःचं वाहन ठेवा आणि ऊन असेतोवर परत या.

जेवण खानावळीत करा. ज्वारीची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरलं वांगं, पुंडीपल्ल्या म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगाचटणी आणि दही. चटणी तिखट असते, मुलीसाठी दही आधीच मागून ठेवा. घरी न्यायला बेदाणे आणि लिंबं, दोन्ही याच जिल्ह्यात पिकतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि चौथऱ्यांचे दगड अनवाणी पायांना भाजतात, सोबत मोजे ठेवले तर निभावतं. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र येऊ नका, किंवा खोली आधी पक्की करून या: विजापुरात सिद्धेश्वराची जत्रा असते आणि सोलापुरातही त्याच दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा, त्यामुळे दोन्ही गावांत खोली मिळत नाही आणि मधल्या बस भरून वाहतात.